राखून ठेवलेली कंबर

त्याला सगळे ताठोबा म्हणत. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव कुठेतरी होतंच, पण वापरात नसलेल्या भांड्यासारखं ते वरच्या फळीवर गेलं होतं.

समोरासमोर चार-चार मजल्यांच्या दोन इमारती, मधे मोठं अंगण, अंगणात तीन जुनी झाडं आणि फाटकाला लागून एक खोली. अंगण साफ ठेवणं हे त्याचं काम आणि त्या कामापायी मिळालेली ती खोली. झाडणारा माणूस म्हटला की तो वाकलेलाच असणार, ही जगाची समजूत. पाठीची कमान, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात खराटा. ताठोबाला तसं कुणी कधी पाहिलं नाही. तो अंगणात खांबासारखा उभा असे आणि लांबून बघणाऱ्याला वाटे, पानं आपण होऊनच त्याच्या पायाशी गोळा होताहेत.

त्याची रीत ठरलेली होती. दाताळं लांब दातांचं, आणि त्याचा दांडा त्यानं स्वतः तासून हनुवटीला लागेल एवढा उंच केलेला. सकाळी दव असेतो तो पानांना हात लावत नसे. ओलं पान म्हणजे पान नव्हे, ते पाणी, आणि पाणी ओढायला जनावर लागतं, असं तो म्हणे. ऊन अंगणात उतरलं की आधी भिंतीला पाठ टेकून उभा राही, गुडघे वाकवून सरळ करी, खांदे फिरवी. मग वारा पाठीशी घेऊन कामाला लागे. एक पाय पुढे, एक मागे. ओढायचं ते नुसत्या हातांनी नाही, तर अंगाचा भार पुढच्या पायावरून मागच्या पायावर टाकून. थोडा वेळ उजवा हात वर, थोडा वेळ डावा. कमरेला पीळ द्यायचा नाही. वळायचं तर पाय उचलून अख्खं अंग वळवायचं, गाडी वळते तसं, चाकांसकट. ढीग लहान लहान करायचे. ढिगाशेजारी जुन्या पडद्यांची शिवलेली मोठी चादर पसरायची, पानं तिच्यावर लोटायची आणि चादर ओढत कोपऱ्यातल्या खतखड्ड्याकडे न्यायची. पाटी नाही, पोतं नाही, डोक्यावर काही नाही. एखादं चुकार पान मागे राहिलंच तर त्याच्यासाठी टोकाला खिळा ठोकलेली काठी होती. टोचायचं, उचलायचं, चादरीवर सोडायचं.

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहत. शाळा सुटली होती पण मास्तरकी सुटली नव्हती. सज्जात उभे राहून ते रोज हजेरी घेत.

"काय ताठोबा, उंटावरून शेळ्या हाकताय?"

"उंट आहे म्हणून हाकतोय, मास्तर. तुमच्याकडे आहे का?"

"अहो, जरा कंबर लववा. मोडेन पण वाकणार नाही, हे लढाईत ठीक आहे. पानं गोळा करायला कशाला?"

"मी वाकलो तर मोडेन, म्हणून वाकत नाही. तुम्ही आयुष्यभर पोरांना म्हण उलटी शिकवलीत."

लोक हसत. कुणी त्याला आळशी म्हणत, कुणी माजोरी. अंगण मात्र आरशासारखं असे, त्यामुळे बोलणाऱ्याला पुढे बोलायला जागा राहत नसे. तो का वाकत नाही हे वरून कुणाला दिसण्यासारखं नव्हतं. ते खोलीत होतं, खिडकीशी, खुर्चीत बसलेलं.

त्याच्या बायकोच्या पायांतलं बळ एका आजारानं नेलं आणि परत दिलं नाही. बाकी ती जशीच्या तशी होती. तोंड तर जास्तच चालायला लागलं होतं. तिला सकाळी खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, न्हाणीतून पुन्हा खुर्चीत आणि दिवस मावळला की खाटेवर न्यावं लागे. ताठोबा तिच्यासमोर उभा राही. पाठ सरळ ठेवून गुडघ्यांत बसे, आपला एक पाय तिच्या दोन पायांमधे रोवी. ती दोन्ही हात त्याच्या मानेमागे गुंफी.

"चला," ती म्हणे, "लग्नात नाचला नाहीत, आता नाचा."

"तुझ्या बापानं वाजंत्रीच बेसूर आणली होती."

आणि एका दमात दोघं उभी राहत. मग तो लहान लहान पावलं टाकत वळे आणि तिला अलगद टेकवी. माणूस किती जड असतं ते उचलल्याशिवाय कळत नाही. पण हसतं माणूस थोडं हलकं असतं, एवढं त्याला अनुभवानं कळलं होतं, म्हणून तो तिला उचलायच्या आधी हसवी. घरात एकच चांगली रजाई असावी आणि ती रोज न वापरता आजाऱ्यासाठी बाजूला ठेवावी, तशी त्यानं आपली कंबर राखून ठेवली होती. अंगणाला हात द्यायचे, पाय द्यायचे, दिवस द्यायचा. कंबर तिची.

त्यांना एकच लेक. ती शहरात बस चालवायची. राहायला तिसऱ्या मजल्यावर, अरुंद जिना, घरात सासू-सासरे आणि दोन पोरं. सुट्टीच्या दिवशी ती न चुकता यायची, आईचे केस धुवायची, बापाशी भांडायची. एकदा पानगळ सुरू व्हायच्या तोंडावर ती आली, आणि चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "बाबा, स्पष्ट बोलते. तुम्ही उचलताय तोवर आई इथे. ज्या दिवशी तुमची कंबर धरेल, त्या दिवशी मी तिला नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात ठेवणार. माझ्याकडे जिना आहे, तिथे नाही. एक दिवस दार उघडून तुम्हा दोघांना जमिनीवर पडलेलं मला बघायचं नाहीये."

"कंबर धरायला मी काय ओझी वाहतोय?"

"पानं गळायला लागली की तुमचं तोंड कसं होतं ते मला माहीत आहे."

"माझ्याबद्दल बोलताय ना?" खिडकीशी बसलेली आई म्हणाली. "पाय गेलेत माझे, कान नाही गेले. आणि ते तुझं शुश्रूषागृह मी बघितलंय. तिथे सगळ्या बायकांना आजी म्हणतात. मला आजी म्हणणारी दोन कार्टी आहेत, तेवढी पुरे."

लेक हसली नाही. बापाकडे बघून एवढंच म्हणाली, "ठरलं." त्यानं मान हलवली. तिथून पुढे अंगणातलं प्रत्येक पान त्याला आईला न्यायला लेकीनं पाठवलेल्या माणसासारखं वाटू लागलं.

बायकोनं तिन्ही झाडांना जावा केलं होतं. फाटकाजवळची थोरली. ती आठवडाभरात सगळी पानं टाकून मोकळी व्हायची, मोठ्या घरच्या बाईनं एकदाच काय ते बोलून घ्यावं तशी. मधली रडतराऊत, आज चार, उद्या दहा, वारा आला की हुंदका. आणि खिडकीसमोरची धाकटी. तिचं सगळं उशिरा. थोरली-मधलीचं आवरून अंगण धुतल्यासारखं झालं की ही एकदम पदर झटकायची.

"धाकट्या जावेचं काम कायम थोरल्यांनी उरकायचं," बायको म्हणायची. "मी धाकटी होते म्हणून मला ठाऊक."

पानगळीत दिवसभर ती खिडकीतून मुकादमकी करी. अहो, ढीग मोठा झाला. अहो, हात बदला. अहो, तिकडे एक राहिलं. तो काठी घेऊन जाई, ते एक टोचून उंच धरी आणि तिला दाखवी. ती मान डोलवी. हे दोघांचं एवढं अंगवळणी पडलं होतं की कधी कधी तो मुद्दाम एखादं पान मागे ठेवी.

त्या वर्षी थोरलीचं आटोपलं, मधलीचंही संपत आलं. एकदा पाऊस पडून गेला तेव्हा त्यानं दोन दिवस पानांना हात लावला नाही. इमारतीचा मॅनेजर कुरकुरला तरी लावला नाही. तिसऱ्या दिवशी वरची पानं कुरकुरीत झाली होती आणि खालची अजून चिंब होती, तेव्हा त्यानं वरचा थर वेगळा ओढला आणि खालचा उन्हाला ठेवला. अवघड ते सगळं असं निभावलं. मग धाकटीनं पदर झटकला. स्वच्छ ऊन होतं, वारा पाठीशी होता, पान पिसासारखं कोरडं होतं. दुपारपर्यंत अंगण साफ झालं. शेवटची चादर खड्ड्यात रिकामी करून, दाताळं आणि काठी तिथेच भिंतीला टेकवून तो हात झटकत खिडकीशी आला.

"झालं," तो म्हणाला. "धाकटीला सांग, आता पुढच्या वर्षी."

"काय झालं? ते एक राहिलंय की."

"कुठे?"

"तुमच्या पायाशी. मानच नाही वाकत तर डोळे तरी वाकवा."

त्याला खरंच हसू आलं. आणि हसता हसता, काठी लांब होती म्हणून म्हणा, काम संपलं होतं म्हणून म्हणा, तो खाली वाकला आणि ते पान उचललं.

ते सरळ होणं काही झालं नाही. कमरेत काहीतरी कट्कन झालं आणि तो अर्ध्यावरच राहिला. एक हात खिडकीच्या कट्ट्यावर, दुसऱ्या हातात पान. बायकोला वाटलं नकला करतोय. मास्तरांची नक्कल तो करायचा अशी. ती जोरात हसली.

"पुरे आता. मास्तर बघतील."

त्याच्या कपाळावरचा घाम तिला दिसला, मग त्याचे ओठ दिसले. ती हात लांब करून त्याच्या बोटांना शिवू शकत होती, एवढंच. उठून बाहेर जाणं तिच्या हातात नव्हतं. तिनं त्याची बोटं धरून ठेवली आणि वर तोंड करून हाका मारल्या, "मास्तर! अहो मास्तर!" मास्तर सज्जात आले, खाली पाहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा काही न बोलता जिना उतरले.

डॉक्टर म्हणाले, पडून राहा, उतरेल. ते सगळ्यांनाच तसं म्हणत असावेत. ताठोबा जमिनीवर फळीसारखा पडला आणि संध्याकाळ झाली, तेव्हा खोलीतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिला खाटेवर न्यायचं होतं. मास्तर आणि वरच्या मजल्यावरची शिंपीणबाई, ज्यांनी ती पडद्यांची चादर शिवून दिली होती, दोघं आली. चांगली माणसं, पण उचलण्याची रीत त्यांना ठाऊक नव्हती. एकानं काखेत धरलं, एकानं गुडघ्यात, गोणी धरावी तसं. ती ओरडली नाही. तिचा खांदा दोन दिवस दुखत होता हे तिनं नवऱ्याला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मला खुर्चीतच झोप लागते हल्ली. त्यांना कशाला त्रास?" सकाळी तिच्या पायांना सूज होती.

"मी त्या पानाचं बोललेच नसते तर," ती म्हणाली.

"मग मास्तर बोलले असते."

"मास्तरांचं तुम्ही ऐकलं नसतंत."



सगळा घोर लेकीच्या सुट्टीचा होता. ती येण्याआधी कंबर सुटेल, असं तो रोज म्हणे. सुटली नाही, पण थोडी सैल झाली. भिंत धरून तो उभा राहू लागला. लेक यायच्या सकाळी बायको खाटेवर होती, आदल्या संध्याकाळी पायांची सूज बघून मास्तरांनी आणि शिंपीणबाईंनी ठेवलेली. आणि नेहमी लेक दारात यायची तेव्हा आई खिडकीत असायची.

"खिडकीत नसलीस तर तिला दारातच कळेल," तो म्हणाला.

"कळू दे."

"धर."

"ऐका माझं."

"धर म्हणतो ना."

तिनं हात त्याच्या मानेमागे गुंफले. त्यानं पाय रोवला. हसवायचं मात्र तो विसरला. अर्ध्यापर्यंत ती उठली, तिथे त्याच्या कमरेनं दगा दिला, आणि दोघं एकमेकांना धरूनच हळूहळू खाली आली, भिंत खचते तशी.

"लागलं का?"

"नाही. तुम्हाला?"

"नाही."

दोघंही खोटं बोलत होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "खाटेखाली बघा किती धूळ आहे. जगाचं अंगण झाडता." त्यावर दोघं हसली, आणि हसण्यानं त्याच्या कमरेत पुन्हा कळ आली, तेव्हा तिच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडे वाहू लागलं. पुसायला तिचा हात मोकळा नव्हता, तो त्याच्या मानेखाली अडकला होता. दाराशी किल्लीचा आवाज झाला तेव्हा दोघं तशीच होती.

लेकीनं आरडाओरडा केला नाही. अंगावर कामाचा गणवेश होता, तशीच ती जमिनीवर त्यांच्याशेजारी बसली. मग आईच म्हणाली, "ने मला."

"काय म्हणालीस?" ताठोबानं विचारलं.

"ने म्हटलं. तुम्ही काही ऐकणाऱ्यातले नाही. मी इथे आहे तोवर तुम्ही उचलायला जाणार, आणि एक दिवस मला दोन माणसांचं बघावं लागेल, मला एकीचंही बघता येत नसताना."

गाडी आली ती सकाळच्या वेळी. दोन माणसं उतरली. एकाच्या कानात गाणं चालू होतं, तो पायानं ताल धरत होता. त्यांनी एक रुंद पट्टा तिच्या पाठीखालून घातला, काका बाजूला व्हा म्हणाले, आणि ती हवेतून त्यांच्या चाकांच्या खुर्चीत गेली, खुर्ची गाडीत गेली. ताल चुकला नाही. ताठोबा दाराला धरून बघत होता. एवढं सोपं होतं हे, असा चेहरा त्याचा झाला. गाडीच्या काचेतून तिनं हात हलवला का, हे उन्हाच्या चकाकीत त्याला नीट दिसलं नाही.

आणि मग कंबर बरी झाली. दुखण्याला काही लाज नसते. जिच्यासाठी राखली ती गेल्यावर, महिन्या-दीड महिन्यात, कंबर पूर्वीसारखी चालू लागली. शिंपीणबाई म्हणाल्या, विश्रांतीनं झालं. त्याला वाटलं, अजून वेळ गेलेली नाही. त्यानं लेकीला गाठलं.

"मी आता उचलू शकतो. आण तिला."

"बाबा."

"माझ्याकडे बघ. बघ, उभा आहे का नाही?"

"उभं राहणं वेगळं." तिनं डोळे मिटून उघडले. "थंडी सरू दे. मग तिकडे जाऊ. माझ्यासमोर एकदा, खाटेवरून खुर्चीत. नीट जमलं तर आणू."

ही लेकीची दया होती की तिलाही आशा वाटली होती, कोण जाणे. त्यानं शब्द धरून ठेवला, आणि तिकडे जायचं ते आता उचलायलाच, असं ठरवलं. थंडीभर तो अंगाची निगा राखू लागला, पैलवानानं राखावी तशी. सकाळी भिंतीशी व्यायाम, संध्याकाळी चालणं. खतखड्ड्यातलं काळं झालेलं पानांचं खत त्यानं पोत्यात भरलं, तिच्या वजनाचं होईल एवढं, पोतं खुर्चीतच ठेवून, थोडं थोडं करत. मग त्याच्यासमोर गुडघ्यांत बसून, पाय रोवून, ते मिठीत घेऊन तो उभा राही, वळे, खाटेवर टेकवी. पुन्हा उचली, पुन्हा खुर्चीत. एकदा मास्तर दारात येऊन उभे राहिले.

"हे काय चाललंय?"

"सराव."

मास्तरांच्या तोंडावर काहीतरी आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि पोत्याच्या खालून सांडलेली माती पायानं गोळा करून परत गेले.

झाडांना पालवीचे डोळे फुटले तेव्हा लेक त्याला घेऊन गेली. शुश्रूषागृह स्वच्छ होतं, वाईट म्हणावं असं तिथे काही नव्हतं. ती खाटेवर बसलेली होती, केस कुणीतरी नीट विंचरलेले, पण भांग दुसऱ्या बाजूला पाडलेला.

"आलात? कंबर कशी आहे?"

"बघच आता."

तिला सगळं सांगितलेलं होतं. ती सकाळपासून तयार होऊन बसली होती, पायात बाहेरचे जोडे घालून. लेकीनं खुर्ची जवळ आणली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. ताठोबा समोर आला, गुडघ्यांत बसला, पाय रोवला. पाठ दगडासारखी होती.

"नाचायचं का?" त्यानं विचारलं.

"वाजंत्री कुठे आहे?"

"धर."

तिनं हात उचलले. ते त्याच्या छातीपर्यंत आले, खांद्यापर्यंत आले, आणि तिथे थरथरत थांबले.

"धर ना."

"धरतेय."

त्यानं मान खाली आणली. तिची बोटं एकमेकांना शिवली, गुंफली नाहीत. तो उठला तसे तिचे हात त्याच्या खांद्यावरून घसरले आणि ती मागे गेली. लेक धावली नसती तर डोकं भिंतीला लागलं असतं. त्यानं पुन्हा पाय रोवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनंच मान हलवली.

इथे तिला यंत्र उचलत होतं. सकाळी पट्टा, दुपारी पट्टा, रात्री पट्टा. कित्येक आठवड्यांत तिला धर असं कुणी म्हणालंच नव्हतं. आणि न वापरलेले हात पायांच्या वाटेनं निघाले होते. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की तिला आपण उचलतो. निम्मी ती स्वतःला उचलत होती, हे त्याला त्या खोलीत कळलं. पोत्याला हात नव्हते, म्हणून घरी कळलं नव्हतं.

"व्यायाम करू हातांचा," तो म्हणाला. "रोज येतो मी. आपण..."

"करू की," ती म्हणाली. तिनं त्याच्याकडे न बघता जोड्यांकडे पाहिलं. "हे काढा आधी. आवळतायत."

त्यानं जोडे काढले. लेक दाराबाहेर गेली होती.

जेवणाची वेळ झाली तशी मदतनीस मुलगी चाकांचं ते यंत्र ढकलत आली. "चला आजी, खुर्चीत." तिनं सराईतपणे पट्टा घातला, कड्या अडकवल्या.

"मी करू का?" ताठोबानं विचारलं.

मुलीनं त्याच्याकडे बघितलं आणि तारेला लटकणारी छोटी पेटी त्याच्या हातात दिली. "हे वर, हे खाली. बोट काढलं की थांबतं."

त्यानं वरचं बटण दाबलं. यंत्र घुरघुरलं, पट्टा ताठ झाला आणि ती खाटेवरून हळूहळू उठली, त्याच्या छातीच्या उंचीला, मग खांद्याच्या.

"दुखतंय का कुठे?"

"नाही. तुमच्यापेक्षा सावकाश आहे."

मुलीनं यंत्र खुर्चीवर सरकवलं. ती तिथे अधांतरी थांबली, पाय किंचित हलत, कारण त्यानं बोट काढलं होतं आणि पेटी हातात घेऊन तो नुसता उभा होता.

"काका," मुलगी म्हणाली, "खालचं."

त्यानं खालचं बटण दाबलं.